मातृवंदना योजना: पहिल्या बाळाचे ५,००० आणि दुसऱ्या मुलीचे ६,००० रुपये मिळवायचे तर काय काय लागतं?

गरोदरपणाची नोंद झाली की हातात एक कार्ड पडतं. माता-बाल संरक्षण कार्ड. बहुतेक घरांत ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून साड्यांच्या घडीखाली जपून ठेवलेलं असतं. आतल्या पानावर शेवटच्या पाळीची तारीख लिहिलेली असते आणि तिच्या जवळच बाळंतपणाची अंदाजे तारीख. घरच्यांचं सगळं लक्ष त्या दुसऱ्या तारखेवर. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या, म्हणजे बाळंतपणासाठी आईला पैसे देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेच्या, पहिल्या अर्जाची मुदत मात्र पहिल्या तारखेपासून मोजतात. म्हणून कार्ड मिळालं की आधी ती तारीख नीट वाचा. चुकीची लिहिली गेली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. नंतर कार्डावर एक आणि ऑनलाइन अर्जात दुसरीच तारीख निघाली, तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो आणि महिनोन्महिने तिथेच अडकतो.

गेली काही वर्षं ओळखीपाळखीच्या मुलींचे हे अर्ज भरायला मी मदत करते. पात्र नाही म्हणून पैसे न मिळालेल्या मोजक्याच. बाकीच्यांचं अडलं ते तारीख, नाव किंवा बँक खातं यांपैकी एखाद्या ठिकाणी. म्हणून ही माहिती जरा सविस्तर लिहिते आहे.

पैसे किती आणि कधी

योजना १ जानेवारी २०१७ पासून सुरू आहे. तेव्हा ५,००० रुपये तीन हप्त्यांत मिळायचे. १ एप्रिल २०२२ पासून नियम बदलले, तरी जुन्या तीन हप्त्यांची माहिती अजून व्हॉट्सअॅपवर फिरत असते. ती सोडून द्या. आता पहिल्या बाळासाठी दोन हप्ते आहेत. पहिला ३,००० रुपयांचा: त्यासाठी गरोदरपणाची नोंद झालेली हवी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झालेली हवी. दुसरा २,००० रुपयांचा: बाळाच्या जन्माची नोंद झाल्यावर आणि १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर.

दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये एकाच हप्त्यात, जन्मानंतर. दुसरा मुलगा झाला तर या योजनेतून काही मिळत नाही. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दुसऱ्या वेळी मुलगी होणार की मुलगा हे कुणालाच ठाऊक नसतं, पण या लाभासाठी गरोदरपणातच नोंद झालेली असणं बंधनकारक आहे. ‘मुलगी झाली तर बघू’ म्हणून थांबलात तर हक्क हातचा जातो. नोंद सगळ्यांनी करायची, अर्ज जन्मानंतर. दुसऱ्या बाळंतपणात जुळी झाली आणि त्यात एक जरी मुलगी असली, तरी लाभ मिळतो.

आता मुदती. पहिल्या बाळासाठी शेवटच्या पाळीपासून ५७० दिवसांच्या आत अर्ज झाला पाहिजे. बाळंतपणापर्यंतचे साधारण २८० दिवस वजा केले, तर जन्मानंतर सुमारे साडेनऊ महिने उरतात. दुसऱ्या मुलीसाठी तिच्या जन्मापासून २७० दिवस. ऐकायला भरपूर वाटतात, पण ओली बाळंतीण, तान्हं बाळ, रात्रीची जागरणं यात ते कसे सरतात कळतही नाही. शिवाय पहिल्या हप्त्याचे पैसे गरोदरपणातल्या खाण्यापिण्यासाठी आणि विश्रांतीसाठी आहेत. ते बाळ रांगायला लागल्यावर मिळाले तर काय उपयोग? पाळी चुकली की गरोदरपणाच्या पहिल्या १२ आठवड्यांतच नोंद करा. तब्येतीसाठीही तेच चांगलं आणि अर्जासाठीही.

पात्र कोण

खाली सांगितलेल्यांपैकी कुठल्याही एका गटात बसलात की पुरे: अनुसूचित जाती किंवा जमातीची महिला, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेली, दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिकाधारक, आयुष्मान भारतची लाभार्थी, ई-श्रम कार्डधारक, पीएम किसान सन्मान निधी मिळणारी शेतकरी महिला, रोजगार हमीचं जॉब कार्ड असलेली, अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिकेत नाव असलेली, स्वतः अंगणवाडी सेविका, मदतनीस किंवा आशा असलेली, आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी असलेली.

शेवटचा गट फार मोठा आहे. ‘आपण काही दारिद्र्यरेषेखाली नाही, आपल्याला कुठलं मिळतंय’ असं म्हणून कितीतरी जणी अर्जच करत नाहीत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढला तर त्यांतल्या बऱ्याच जणी सहज बसतात. दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून काढता येतो.

केंद्र किंवा राज्य सरकारच्या, किंवा सरकारी उपक्रमांच्या नियमित नोकरीत असलेल्या महिलांना हा लाभ नाही. ज्यांना दुसऱ्या कायद्याखाली असाच प्रसूतिलाभ मिळतो त्यांनाही नाही. म्हणजे कंपनीकडून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा घेत असाल तर हा अर्ज करू नका.

शिधापत्रिकेबद्दल थोडं. केशरी कार्ड आहे म्हणजे अन्नसुरक्षेत नाव आहेच असं नसतं, ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का आहे का ते पाहा. आणि नव्या सुनेचं नाव बऱ्याचदा अजून माहेरच्याच कार्डावर असतं. ते तिथून कमी करायचं, तसा दाखला घ्यायचा आणि मग सासरच्या कार्डात चढवायचं, यात वेळ जातो. त्यापायी अर्ज अडवून ठेवू नका. उत्पन्नाचा दाखला जोडून मोकळ्या व्हा. मोलमजुरी, शिवणकाम, घरकाम, शेतमजुरी असं असंघटित क्षेत्रातलं काम करत असाल तर ई-श्रम कार्डही चालतं आणि ते फुकट निघतं.

सगळ्यात जास्त घोळ इथे: आधार आणि बँक खातं

माझ्या चुलत बहिणीच्या अर्जाची स्थिती ‘पैसे जमा’ दाखवत होती आणि पासबुकात मात्र काहीच नाही. तीन वेळा छापून आणलं. शेवटी शोध लागला. अकरावीत शिष्यवृत्तीसाठी दुसऱ्याच एका बँकेत खातं उघडलं होतं, आधार तिथे जोडलेलं होतं आणि पैसे निमूटपणे त्या खात्यात जाऊन पडले होते. पासबुक माहेरच्या ट्रंकेत, खातं वापराविना बंद पडलेलं. ते सुरू करायला सहा महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन तिला माहेरच्या गावी जावं लागलं.

असं का होतं? या योजनेचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, ते आधार क्रमांकावर जातात. एका आधारला सरकारी पैशांसाठी एका वेळी एकच बँक खातं जोडलेलं असतं, आणि तुम्ही सगळ्यात शेवटी ज्या बँकेला तशी संमती दिली तेच ते खातं. बँकेत केवायसीसाठी (ओळख पटवण्यासाठी) आधारची झेरॉक्स दिली म्हणजे हे काम झालं असं नाही. ती निराळी गोष्ट. बँकेत जाऊन स्पष्ट म्हणा, ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचं आहे,’ म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी हे खातं आधारला जोडायचं आहे, आणि त्याचा संमतीचा फॉर्म भरून द्या.

सध्या कुठली बँक जोडलेली आहे हे घरबसल्या कळतं. ‘माय आधार’ पोर्टलवर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत गेलात की ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की बंद ते दिसतं. अर्ज करण्याआधी एवढं एक काम नक्की करा. ओटीपी येण्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला लागतो. लग्नाआधीचा वडिलांचा किंवा भावाचा नंबर असेल तर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. खातं तिच्या स्वतःच्या नावाचं हवं, नवऱ्याच्या किंवा सासूच्या नावाचं नको.

नावाचंही तसंच. आधारवर माहेरचं आडनाव आणि पासबुकावर सासरचं, हे नेहमीचं. माझं मत असं की गरोदरपणाच्या मधल्या काळात नाव बदलायच्या भानगडीत पडू नये. आधारवर आज जे नाव आहे तेच माता-बाल कार्डावर, बँकेत आणि अर्जात, अगदी अक्षरन् अक्षर तसंच ठेवा. आडनाव बदलायचं असेल तर एकतर नोंदणीच्या आधी, नाहीतर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर.

कागदपत्रं आणि अर्ज

पहिल्या हप्त्यासाठी आईचं आधार कार्ड, शेवटच्या पाळीची आणि तपासणीची तारीख असलेलं माता-बाल संरक्षण कार्ड, पात्रतेचा कुठलाही एक पुरावा आणि मोबाइल नंबर. दुसऱ्या हप्त्यासाठी बाळाचा जन्मदाखला आणि कार्डावरच्या लसीकरणाच्या नोंदी. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं राहिलेलं नाही. एकट्या असलेल्या, नवऱ्याने सोडलेल्या बायकांना त्यामुळे मोठा आधार झाला आहे. कुणी ‘नवऱ्याचं आधार आणा, नाहीतर होणार नाही’ म्हणालं तर हा नियम शांतपणे सांगा.

अर्ज आशाताई किंवा अंगणवाडी सेविका भरून देतात. योजनेच्या पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ओटीपी वापरून स्वतःही भरता येतो. याला शुल्क नाही, एक रुपयाही नाही. भरल्यावर मिळणारा अर्ज क्रमांक कार्डाच्या मागे लिहून ठेवा, म्हणजे नंतर स्थिती पाहता येते. अर्ज दुरुस्तीसाठी परत आला तरी त्याचा निरोप प्रत्येक वेळी घरी पोहोचतोच असं नाही, त्यामुळे महिन्यातून एकदा आपणच बघावं. अडचण आली तर १४४०८ ही मदतवाहिनी आहे.

खाजगी दवाखान्यात नाव घातलं असेल तरी हा लाभ मिळतो. फक्त आशाताई किंवा आरोग्यसेविकेकडे नोंद करून कार्ड घ्यावं लागतं, आणि खाजगीत झालेल्या तपासण्या, लसी त्या कार्डावर चढवून घ्याव्या लागतात. खाजगी डॉक्टरांची फाइल कितीही जाड असली तरी कार्डावर नोंद नसेल तर अर्जाच्या वेळी अडचण येते.

पहिलं बाळंतपण माहेरी

आपल्याकडे सातव्या महिन्यानंतर मुलगी माहेरी जाते. नोंद एका तालुक्यात, बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात, लसी अर्ध्या इथे अर्ध्या तिथे. निघताना कार्ड सोबत न्या आणि सासरच्या आशाताईंना सांगून जा. जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथल्याच ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत होते, सासरच्या गावी होत नाही. ती २१ दिवसांच्या आत करायची असते. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद अडत नाही, नाव मागाहून घालता येतं. बारशाची वाट बघत बसलात तर विलंब शुल्क भरावं लागतं. दाखल्याच्या दोन-तीन प्रती काढूनच परत या, आणि आईचं नाव आधारप्रमाणेच लिहिलंय ना, ते खिडकीवरून हलायच्या आत वाचा.

लसी जन्मावेळी आणि मग सहा, दहा, चौदा आठवड्यांना. ताप-सर्दीमुळे एखादी पुढे गेली तर घाबरू नका, पण उशिराने का होईना ती पूर्ण करा आणि तारीख कार्डावर चढवून घ्या.

गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्माला आलं, तर त्या आईचा हक्क संपत नाही. पुढच्या गरोदरपणात तिला नव्याने लाभार्थी धरतात. अशा घरात तेव्हा हा विषय कुणी काढत नाही आणि काढूही नये. पण नंतर, ती पुन्हा गरोदर राहिली की, ‘तुझं आधीच घेऊन झालंय’ असं म्हणून तिला परत पाठवू नये, एवढं आशाताईंनी आणि घरच्यांनी ध्यानात ठेवावं.

याच कागदांवर आणखी काय मिळतं

जननी सुरक्षा योजना वेगळी आहे. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि जमातीच्या महिलांना घरी न होता दवाखान्यात बाळंतपण झाल्यास ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपये मिळतात. मातृवंदना घेतली म्हणून हे बंद होत नाही. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. गाडीसाठी १०२. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची खास मोफत तपासणी असते, तीही चुकवू नका. अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा मातांना, आणि सहा महिन्यांपुढच्या बाळाला आहार मिळतो.

मुलगी १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली असेल, घरी पिवळं किंवा केशरी कार्ड असेल आणि वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांच्या आत असेल, तर राज्य सरकारची लेक लाडकी योजना आहे. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये. एकूण १ लाख १ हजार. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. जन्मदाखला, आईवडिलांचं आधार, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत लागते. पहिल्या अपत्याच्या तिसऱ्या हप्त्यासाठी आणि दुसऱ्या अपत्याच्या दुसऱ्या हप्त्यासाठी कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्रही द्यावं लागतं. मातृवंदनेसाठी काढलेले कागद इथे पुन्हा लागतात. जन्मदाखल्याच्या जास्तीच्या प्रती काढायला सांगितल्या त्या याचसाठी. आणि माता-बाल कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, पावसाळ्यात भिजून शाई पसरलेली कार्डं मी पाहिली आहेत.