हॉटस्पॉटचं बटण आपलं, परवानगी कोणाची?

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सीताबर्डी, नागपूर

फोनवर व्हिडिओ सुसाट चालतोय, पण लॅपटॉपला हॉटस्पॉट दिला की नेट येत नाही. अशा तक्रारीत फोन उघडण्याची वेळ सहसा येत नाही. पैसे देऊन टेदरिंगचं, म्हणजे फोनचं नेट दुसऱ्या यंत्राला देण्याचं, अ‍ॅप घेण्याआधी पुढचं करून पाहा.

अँड्रॉइडवर पहिल्यांदा डेटा सेव्हर बंद करा. तो चालू असेल तर बऱ्याच फोनवर हॉटस्पॉट सुरूच होत नाही. मग केबल लावून यूएसबी टेदरिंग करा. केबल डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलवर हे होत नाही. केबलवर नेट आलं, तर सिम ठीक आहे आणि घोळ वाय-फायचा आहे. हॉटस्पॉटचा बँड 5 वरून 2.4 गिगाहर्ट्झवर आणा, कारण जुन्या लॅपटॉपना 5 दिसतच नाही. आयफोन 12 आणि त्यापुढच्या फोनवर यासाठी 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' हे बटण आहे. केबलवरही नेट आलं नाही, तर एपीएन तपासायचा.

एपीएन म्हणजे सिमच्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायचं दार. फोनच्या स्वतःच्या नेटसाठी 'डीफॉल्ट' आणि दुसऱ्या यंत्राला दिलेल्या नेटसाठी 'डीयूएन' असे प्रकार त्यात लिहिलेले असतात. दोन दारं वेगळी ठेवली की टेदरिंगचं नेट वेगळं मोजता येतं, अडवताही येतं. कंपनीचा हात फोनमध्ये पोहोचतो तो इथून.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमधून मोबाइल नेटवर्क, मग सिम, मग अ‍ॅक्सेस पॉइंट नेम्स असं जा. जुनी नोंद बदलू देत नसेल तर अधिकच्या खुणेने नवी करा. एपीएनच्या जागी जिओसाठी जिओनेट (jionet असं स्पेलिंग), एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. प्रकारात डीफॉल्ट, एसयूपीएल (हा लोकेशनच्या मदतीसाठी) आणि डीयूएन स्वल्पविराम देऊन लिहा (default,supl,dun असं), मध्ये जागा सोडू नका. इथली एक मोकळी जागा अख्खी नोंद निकामी करू शकते. सेव्ह केल्यावर नव्या नोंदीसमोरचा गोल ठिपका निवडा. हे हमखास राहून जातं. दहा सेकंद एअरप्लेन मोड लावून काढा. बिघडलंच तर 'रीसेट टू डीफॉल्ट' आहे.

आयफोनमध्ये पर्सनल हॉटस्पॉटचा पर्यायच गायब असेल, तर मोबाइल डेटा नेटवर्कच्या पानावर खाली पर्सनल हॉटस्पॉटचा वेगळा रकाना असतो. तिथे तोच एपीएन भरा आणि फोन बंद-चालू करा.

अ‍ॅपचं काय? अमेरिकेत कंपन्यांनी यावर उघड दबाव आणला होता. 2008 मध्ये अ‍ॅपलच्या दुकानातून 'नेटशेअर' हे टेदरिंगचं अ‍ॅप काढलं गेलं. 2011 मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या ग्राहकांना अँड्रॉइड मार्केटमध्ये (आजचं प्ले स्टोअर) अशी अ‍ॅप दिसेनाशी झाली. त्यांतली व्हेरायझन ही कंपनी टेदरिंगचे महिन्याला 20 डॉलर जादा घेत असे, म्हणजे फुकटचं अ‍ॅप तिच्या थेट कमाईवर येत होतं. तिथल्या दूरसंचार आयोगाची चौकशी 2012 मध्ये मिटवताना व्हेरायझनने साडेबारा लाख डॉलर भरले.

आपल्याकडे नेहमीच्या प्रीपेड प्लॅनमध्ये हॉटस्पॉटही रोजच्या डेटातूनच जातो, त्यामुळे इथे सहसा अ‍ॅपची गरजच पडत नाही. अपवाद नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेल्या फोनचा. तिथल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचा फोन हॉटस्पॉट सुरू करताना कधी कधी त्या कंपनीची परवानगी शोधत बसतो. तेव्हा अँड्रॉइडवर पीडीएनेटसारखं अ‍ॅप कामी येतं. ते वाय-फाय डायरेक्टवरून (दोन यंत्रांमधला थेट वाय-फाय) प्रॉक्सी, म्हणजे नेटचा मधला दलाल, चालवतं; लॅपटॉपमध्ये 192.168.49.1 हा पत्ता आणि 8000 हा पोर्ट भरावा लागतो. ब्राउझर चालतो, पण प्रॉक्सी न मानणारे गेम आणि काही व्हीपीएन अडतात. तसा आयफोन 14 किंवा नंतरचा अमेरिकी मॉडेल असेल तर सिमची खाचच नसते, ई-सिम घ्यावं लागेल.

नेट लॅपटॉपकडे चाललंय हे कंपनीला ओळखता येतं. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. फोनचं पॅकेट सहसा 64 ने निघतं, विंडोजचं 128 ने, आणि फोनमधून पुढे जाताना त्याचे 127 होतात. हा आकडा बदलून देण्याचं काम आम्ही करत नाही. अमर्याद 5जी प्लॅन दुकानातल्या सगळ्यांना वाटण्याआधी मात्र प्लॅनच्या अटींत 'वैयक्तिक वापर' हे शब्द आहेत का ते बघून घ्या.

रोजचा डेटा संपला की वेग बहुधा 64 केबीपीएसवर येतो. म्हणजे 1 एमबीचं जीएसटी बिल उतरायला दोन मिनिटांवर वेळ. हॉटस्पॉट बिघडला असं वाटतं, पण लॅपटॉपने मागच्या मागे विंडोज अपडेट ओढलेलं असतं. लॅपटॉपच्या वाय-फाय सेटिंगमध्ये त्या वाय-फायला 'मीटर्ड कनेक्शन' (मोजून वापरायचं नेट) करून ठेवा.

आणि मे महिना. आयफोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेला आहे; नागपूरचा पारा 45 वर जातो. चार्जिंग आणि हॉटस्पॉट एकदम लावला की फोन तापून वेग कमी करतो, कधी हॉटस्पॉटच बंद होतो. कव्हर काढा, वाय-फायऐवजी केबल वापरा, फोन पंख्याखाली ठेवा. कूलरच्या तोंडाशी नको, ती ओली हवा चार्जिंगच्या खाचेत शिरते. फ्रीजमध्ये तर मुळीच नको. बाहेर काढल्याबरोबर आत दव धरतं आणि मग खरोखरच फोन उघडावा लागतो.