पायावरचे काळे डाग आणि लिंबू-सोडा
‘पायावरचे काळे डाग म्हणजे साचलेला मळ, लिंबू आणि खायचा सोडा घासला की निघतो’, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. मळ असेल तर तो साबण लावलेल्या ओल्या फडक्याने निघतो. डाग तसाच राहिला, तर रंग कातडीच्या आतला आहे, बहुधा मेलॅनिनचा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या द्रव्याचा. चपलेचा पट्टा घासतो, मांडी घालून बसताना घोटा टेकतो, मुंबईच्या पावसाळ्यात डास चावलेलं आपण खाजवतो. तिथे मेलॅनिन वाढतं. रोजची चप्पल घालून पाहा, डाग नेमका पट्ट्याखाली येतो का? घासून तो आणखी गडद होतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, म्हणून हा उपाय खरंच नको. घोट्याभोवती तपकिरी डाग आणि संध्याकाळी सूज असेल, तर पायाच्या शिरा तपासून घ्या. तळव्यावरचा किंवा नखाखालचा डाग वाढत, बदलत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.