‘पित्त झालंय, आगळ द्या’ म्हणणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांसाठी

ऊन वाढलं की दुकानात रोज कुणीतरी येऊन म्हणतं, “पित्त झालंय, आगळ द्या.” आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला दाट रस. आम्ही देतो, पण आधी विचारतो, नेमकं काय होतंय? कोकणात ‘पित्त’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात, आणि कोकम तिन्हींवर सारखं चालत नाही. म्हणून हा कागद बाटलीसोबत देतो.

पचन तोंडातच सुरू होतं. उकड्या तांदळाच्या भाताचा एक घास कालवण न घालता तोंडात घ्या आणि सावकाश चावत राहा. थोड्या वेळाने तो गोडसर लागतो, कारण लाळ त्यातल्या पिठाची साखर करू लागलेली असते. आता आगळाचा एक थेंब जिभेवर ठेवा. कानापुढे, जबड्याच्या कोपऱ्यात कळ आल्यासारखं होतं नि तोंडाला पाणी सुटतं. लाळेची मोठी ग्रंथी तिथेच असते. चव नि वास लागताच पोटातही पाचकरस सुटायला लागतो. इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवलं आणि पचनावरच्या कामासाठी त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं. आगळाबद्दल आम्ही खात्रीने सांगू ते एवढंच: तोंडाला चव येते, लाळ सुटते. आमच्या लेबलवर ‘पाचक’ हा शब्द नाही तो याचमुळे.

घास सुमारे २५ सेंटिमीटरच्या अन्ननलिकेतून जठरात उतरतो. तिथलं आम्ल कोकमापेक्षा कितीतरी जहाल असतं. माशातली प्रथिनं तिथे तुटू लागतात. जठराच्या तोंडाशी स्नायूंचं एक कडं असतं. ते सैल पडलं की आम्ल वर येतं, आंबट ढेकर येतात, छातीत जळजळतं. लोक यालाच पित्त म्हणतात, पण हे जठरातलं आम्ल. त्यावर आंबट प्यायल्याने काहींची जळजळ उलट वाढते. तुमचं तसं होत असेल तर आगळ घेऊ नका, आम्ही विकत असलो तरी. शिवाय आगळात मीठ भरपूर असतं. ब्लडप्रेशरवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

खरं पित्त यकृतात तयार होतं नि पित्ताशयात साठतं. हिरवट पिवळं नि कडू. जेवणातलं तेल, नारळाचा रस लहान आतड्यात पोचला की पित्ताशय आकसतं आणि पित्त आतड्यात येऊन चरबीचे बारीक बारीक थेंब करतं, तेलकट भांड्यावर साबण करतो तसं. स्वादुपिंडाचा रसही तिथेच मिसळतो, आम्ल मारतो आणि पुढचं पचन उरकतो. या सुमारे सहा मीटरच्या आतड्यातूनच बहुतेक पोषण रक्तात जातं. मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी शोषून घेण्याचं.

चरबी असली की जठर सावकाश रिकामं होतं. त्यामुळे वड्या-मटणावर ताव मारून ‘जड झालं’ म्हणून दाट सोलकढीचे दोन ग्लास प्यायलात तर पोट हलकं होणार नाही, त्यात नारळाची चरबी आणखी पडते. चवीला वाटीभर प्या.

तिसरं पित्त अंगावर उठतं. गांधी येतात, खाज सुटते. आपल्याकडे त्यावर आमसुलाचं पाणी लावतात, नि गार पाण्याने बरंही वाटतं. पण याचा पित्ताशयाशी काही संबंध नाही, ही बहुधा अ‍ॅलर्जी असते. बांगडा खाल्ल्यावर लगेच चेहरा लाल झाला, गांधी उठल्या, मळमळलं, तर मासा बर्फाविना राहिला असावा. अशा माशात हिस्टामिन हे गांधी उठवणारं द्रव्य तयार होतं. ते शिजवून जात नाही, नि कालवणात कितीही आमसुलं टाकली तरी जात नाही. बांगडा घेताना बर्फ बघून घ्या.

गांधींबरोबर ओठ सुजले किंवा श्वास लागला, जळजळीबरोबर घाम फुटून छाती आवळली, शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर आगळाची बाटली शोधत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.