आडनाव वडिलांचं, जर्सी कॉलेजची

अमेरिकेत नामवंत खेळाडूचं मूल कॉलेजच्या संघात दिसलं की ‘बापाच्या नावावर आलं’ हा शेरा ठरलेला. पण कॉलेजात नाव किती कामाला येतं, हे नियमच ठरवत आले आहेत आणि गेल्या वीस वर्षांत ते पार बदलले.

डेल करी हे व्हर्जिनिया टेकचे गाजलेले बास्केटबॉलपटू. त्यांची 30 क्रमांकाची जर्सी विद्यापीठाने निवृत्त केली आहे. तरीही 2006 मध्ये शाळा संपवणाऱ्या त्यांच्या मुलाला, पुढे जगप्रसिद्ध झालेल्या स्टीफनला, तिथे शिष्यवृत्ती मिळाली नाही. ‘वॉक-ऑन’ म्हणून, म्हणजे फी स्वतः भरून या, एवढंच सांगण्यात आलं. डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या सर्वांत वरच्या गटाच्या, पुरुष संघाला तेव्हा जेमतेम 13 शिष्यवृत्त्या देता येत. त्यातली एक सहा फुटांच्या, काटकुळ्या पोरावर लावायला मोठी विद्यापीठं धजावली नाहीत.

घरातून त्याला मिळालं ते वेगळंच. स्टीफन चेंडू कमरेपासून उचलून फेकायचा. लहान हातांना चेंडू जड जातो, म्हणून बरीच मुलं तशीच शिकतात. पुढे अडचण होते: चेंडू खालून वर येईपर्यंत उंच बचावपटूचा हात आडवा आलेला असतो. डेल यांनी एका उन्हाळ्यात ती फेक मोडून नव्याने बसवून घेतली. चेंडू कपाळाच्या वर नेऊन तिथूनच सोडायचा. जुनी सवय सुटताना नेम आधी साफ बिघडतो, तसा त्याचाही बिघडला आणि लांबून टाकणं काही काळ जमेना. वारसा म्हणतात तो खरा हा.

शिष्यवृत्ती दिली नॉर्थ कॅरोलायनातल्या छोट्या डेव्हिडसन कॉलेजने. पहिल्याच सामन्यात त्याने 13 वेळा चेंडू गमावला. प्रशिक्षक बॉब मॅकिलॉप यांनी त्याला बसवलं नाही. पुढच्या सामन्यात 32 गुण आले. मार्च 2008 मध्ये डेव्हिडसन राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत शेवटच्या आठांत पोचलं आणि कॅन्ससकडून 57-59 असं हरलं.

बास्केटबॉलचे दिग्गज लेब्रॉन जेम्स 2003 मध्ये शाळेतून थेट एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, गेले होते. लीग आणि खेळाडू संघटनेतल्या 2005 च्या करारानंतर निवडीच्या वर्षात 19 वर्षं पूर्ण होणं आणि शाळा संपून एक वर्ष, अशी अट आली. त्यामुळे कॉलेजचं एक वर्ष बहुतेकांच्या वाट्याला आलं. त्या वर्षात स्वतःच्या नावावर जाहिरातीचा एक डॉलर घेणंही निषिद्ध होतं. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर 2019 मध्ये याविरुद्ध कायदा केला. राज्यपालांनी सही केली ती लेब्रॉन यांच्याच कार्यक्रमात. 1 जुलै 2021 पासून एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, देशभर मुभा दिली. वडिलांच्या आडनावाला कॉलेजात असतानाच उघड किंमत आली ती तेव्हापासून.

लेब्रॉन यांचा मुलगा ब्रॉनी (पूर्ण नाव लेब्रॉन जेम्स ज्युनिअर) 2023 मध्ये यूएससीत, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात, दाखल झाला. 24 जुलैला सरावात त्याचं हृदय बंद पडलं; मैदानावरच्या वैद्यकीय पथकाने तातडीने उपचार केले म्हणून तो वाचला. दोष जन्मजात निघाला, शस्त्रक्रिया झाली आणि 10 डिसेंबरला तो खेळायला उतरला. 25 सामन्यांत सरासरी 4.8 गुण. पूर्वतयारीचे महिने हुकलेल्या पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा हा आकडा गैर नाही. तो राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला तो फक्त नावामुळे. मुलाला आपलंच नाव दिल्याची खंत लेब्रॉन यांनी 2018 मध्येच जाहीरपणे बोलून दाखवली होती.