सामुदायिक मध्यस्थ व्हायचंय? पात्रता काय, कागदपत्रं कुठली, अर्ज कुठे द्यायचा

पार्किंगवरून भांडण, सामाईक भिंत, पाण्याची पाळी, रात्रीचा लाऊडस्पीकर, असले वाद कोर्टात गेले की वर्षानुवर्षं लोंबकळतात आणि तोवर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालेलं असतं. असे वाद बसून बोलून मिटवणाऱ्या माणसांसाठी मध्यस्थी कायदा २०२३ मध्ये वेगळं प्रकरण आहे, कलम ४३ आणि ४४. ज्या वादामुळे वस्तीतली किंवा कुटुंबांमधली शांतता बिघडू शकते तो वाद दोन्ही बाजूंची आधी संमती असेल तर तीन मध्यस्थांच्या पॅनेलपुढे नेता यावा अशी त्यात सोय आहे. त्या तिघांपैकी एक होण्यासाठी काय लागतं ते इथे सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. कोर्टातल्या मध्यस्थी केंद्रात जे मध्यस्थ असतात ते वेगळे, ते बहुतेक अनुभवी वकील नाहीतर निवृत्त न्यायाधीश असतात आणि त्यांचं ४० तासांचं ट्रेनिंग झालेलं असतं. गावची तंटामुक्त समिती पण वेगळी, ती २००७ पासूनच्या राज्य सरकारच्या मोहिमेतली आणि ग्रामसभेतून निवडली जाते. तिथे काम केलेलं असेल तर ते अर्जात नक्की लिहा, पण समितीत आहात म्हणून आपोआप पॅनेलवर जाता असं नाही.

पात्रता बघितली तर सामान्य माणसाच्या बाजूची आहे. कलम ४३ मध्ये लॉची डिग्री, वय, शिक्षण यातलं काहीच मागितलेलं नाही. समाजात मान असलेली सचोटीची व्यक्ती, जिच्या सामाजिक कामाची दखल घेतली गेलीय अशी स्थानिक व्यक्ती, रहिवासी संघाचा प्रतिनिधी, मध्यस्थीचा अनुभव असलेली व्यक्ती, आणि शिवाय विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) योग्य वाटेल ती कुणीही पॅनेलवर येऊ शकते. पॅनेल करताना महिलांच्या प्रतिनिधित्वाचा विचार करावा असंही त्यात आहे, तेव्हा बचत गटात, अंगणवाडीत, शाळेत काम केलेल्या बायकांनी मागे राहू नये असं मला मनापासून वाटतं, कारण घराघरातलं खरं भांडण कशावरून आहे हे त्यांनाच आधी कळलेलं असतं.

आता अर्ज. पॅनेल, म्हणजे वाद आला की त्यासाठी तिघे ज्यातून घ्यायचे ती मध्यस्थांची यादी, जाहीर करायचं काम विधी सेवा प्राधिकरणाचं, आणि जिथे प्राधिकरण नाही तिथे जिल्हा दंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचं. आपल्याकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. तिथे जाऊन पहिला प्रश्न हाच विचारा की सामुदायिक मध्यस्थीचं पॅनेल नोटिफाय झालंय का, कारण कायद्याला १४ सप्टेंबर २०२३ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली खरी पण ९ ऑक्टोबर २०२३ ला त्यातली जी कलमं लागू केली त्यात ४३ आणि ४४ नव्हती.

पॅनेल नसेल तरी परत फिरू नका. त्याच ऑफिसात विधी स्वयंसेवक म्हणजे पॅरा लीगल व्हॉलंटियर नेमतात, त्याची जाहिरात निघते तेव्हा अर्ज करा. त्याला साधारण दहावीपर्यंतचं शिक्षण बघतात, शिक्षक, निवृत्त कर्मचारी, विद्यार्थी, बचत गटाच्या सदस्या सगळे चालतात, मात्र राजकीय पक्षाचा सक्रिय कार्यकर्ता चालत नाही. निवड झाली की ट्रेनिंग मिळतं, मानधन असतं पण त्याला पगार समजू नका. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी, कारण लोकांचं ऐकून घ्यायची सवय इथे लागते आणि ऑफिसलाही तुमचं काम दिसतं.

कागदपत्रांची यादी कायद्यात दिलेली नाही, ऑफिस सांगेल ते द्यायचं. पण साधा सही केलेला अर्ज, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, असेल ते शिक्षणाचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट साइज फोटो एवढं तयार ठेवाच. याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या कामाचा कागद, सोसायटीचा ठराव, संस्थेचं पत्र, शाळेचं पत्र असं काहीतरी. अर्जात "मला समाजसेवेची आवड आहे" असं मोघम लिहिण्यापेक्षा कुठल्या भागात किती वर्षं राहता, कुठल्या प्रकारचे वाद सोडवायला मदत केलीत, कुठल्या भाषा बोलता ते लिहा (वाद असलेल्या लोकांची नावं मात्र लिहू नका). मूळ कागद सोबत न्या, झेरॉक्स द्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

अर्ज करायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. इथे तुम्ही निकाल देत नाही, कोण बरोबर कोण चूक ठरवत नाही. तोडगा निघाला तर तो लेखी होतो, त्यावर दोन्ही पक्ष सही करतात, तिन्ही मध्यस्थ तो प्रमाणित करतात आणि पक्षांना प्रत मिळते, पण कलम ४४ प्रमाणे तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येत नाही. म्हणजे उद्या एकजण फिरला तर तुमच्या हातात काहीच जोर नाही, लोकांनी तो पाळायचा तर त्यांना तो स्वतःचा वाटला पाहिजे आणि तुमच्यावर विश्वास पाहिजे. म्हणून एका बाजूशी नातं, उधारी किंवा धंदा असेल तर त्या केसमधून आधीच बाजूला व्हा, आणि बैठकीत ऐकलेलं बाहेर कट्ट्यावर बोलू नका. मारहाणीसारखा फौजदारी गुन्हा असेल तर तो पॅनेलपुढे गुपचूप मिटवायचा विषय नाही, त्या माणसाला पोलीस स्टेशन आणि मोफत कायदेशीर मदतीचा रस्ता दाखवा.

ऑफिसला जाणं जमत नसेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या हेल्पलाइनवर आपल्या जिल्ह्याच्या ऑफिसची चौकशी करा. पॅनेल एकदा झालं की कायमचं बंद असं नसतं, कायद्यात ते वेळोवेळी बदलायची सोय आहे, तेव्हा यावेळी नाव आलं नाही तर पोच जपून ठेवा आणि पुढच्या वेळी नवीन कामाचा कागद जोडून परत अर्ज द्या.