स्वतःचाच पराग नाकारणारी फुलं

एकाच फुलात पराग आणि कुक्षी (पराग स्वीकारणारं टोक) शेजारी-शेजारी, तरीही बी धरत नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ योसेफ कोलरॉयटर यांना १७६०च्या दशकात जांभळ्या व्हर्बास्कम या फुलझाडावर हेच दिसलं. दुसऱ्या जातीचा पराग लावला की मात्र बी धरायचं. पुढे डार्विन यांनी १८७६च्या ग्रंथात कॅलिफोर्निया पॉपीचं उदाहरण दिलं: ब्राझीलमध्ये स्वतःच्या परागाने बी न देणारी ही जात इंग्लंडात थोडंफार देऊ लागली. म्हणजे हा नकार हवामानानुसार सैल पडतो. बियाणं तयार करणाऱ्यांना ही बाब आजही छळते.

यामागचा हिशेब ईस्ट आणि मँगल्सडॉर्फ या अमेरिकी आनुवंशिकी अभ्यासकांनी १९२५मध्ये तंबाखूकुळातल्या झाडांवर उलगडला. एका जनुकाची अनेक रूपं असतात. परागातलं रूप कुक्षीकडच्या रूपाशी जुळलं की परागातून बीजांडाकडे वाढणारी परागनलिका कुक्षीवृंतातच, म्हणजे कुक्षीखालच्या देठातच, अडते. पेटुनियातही हेच घडतं. पण बागेतल्या बऱ्याच पेटुनियांनी हा गुण गमावलाय, म्हणून तिथे संकर हातानेच होतो: कळी उमलण्याआधी चिमट्याने पुंकेसर काढायचे, मग दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. हे परवडतं, कारण एका बोंडात शेकडो बिया असतात आणि एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास बसतात. १९३०च्या दशकात जपानच्या साकाता बियाणं कंपनीने सगळीच फुलं दुहेरी पाकळ्यांची देणारं पेटुनियाचं बियाणं बाजारात आणलं, तेव्हा एफ-१ (संकराच्या पहिल्या पिढीच्या) बियाण्याची ताकद लोकांना कळली.

अ‍ॅजेरॅटम या बागेतल्या फुलझाडात चिमट्याचा उपयोगच नाही. एकेका गोंड्यात बारीक फुलांची दाटी; प्रत्येकातले पुंकेसर कोण काढणार? इथे स्व-असंगती, म्हणजे स्वतःचा पराग नाकारण्याचा हाच गुण, कामाला येते. परस्परांना चालणारी, पण स्वतःला नाकारणारी दोन झाडं निवडायची, छाट कलमांनी वाढवायची, शेजारी लावायची आणि बाकीचं कीटकांवर सोडायचं. दोन्हींवरचं बी संकरितच निघतं. मला या विषयातलं सर्वांत देखणं काम हेच वाटतं.

अडचण आहे ती संकरासाठी लागणाऱ्या शुद्ध वंशाची, म्हणजे पिढ्यानपिढ्या सारखीच रोपं देणाऱ्या वाणाची. स्वतःचा पराग नाकारणाऱ्या झाडापासून तो मिळवायचा कसा? तोड कळीत सापडली. न उमललेल्या कळीत अडवणारी प्रथिनं पुरेशी साठलेली नसतात. कळी अलगद उघडून त्याच झाडाच्या उमललेल्या फुलाचा पराग लावला, तर अनेक जातींत बी धरतं. कामगारांना प्रत्येक कळीचं वय डोळ्यांनी ओळखावं लागतं. एक-दोन दिवस उशीर झाला की कुक्षी पुन्हा नकार देते.