घरचा फाईल सर्व्हर: बसवून घेण्याआधी एवढं वाचा

मोबाईल भरला की फोटो लॅपटॉपवर, लॅपटॉप भरला की पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह कुठल्या खणात आहे ते कोणालाच आठवत नाही. बहुतेक घरांत असंच चालतं. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागाही १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी, त्यापुढे पैसे.

घरचा सर्व्हर म्हणजे राउटरला वायरने जोडलेली, चोवीस तास चालणारी छोटी पेटी. आत दोन हार्डडिस्क. घरात आल्यावर मोबाईल वाय-फायला लागला की नवे फोटो आपोआप तिच्यात जातात. सातबाऱ्याचे स्कॅन, जीएसटीची कागदपत्रं, लग्नाचे व्हिडिओ, सगळं एका जागी राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. दोन्ही डिस्कवर एकच मजकूर असतो, म्हणून एक बिघडली तर काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. फोल्डर चुकून डिलीट केलं तर ते दोन्हींवरून त्याच क्षणी जातं. व्हायरसने फाईली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. पेटी चोरीला गेली तर दोन्ही डिस्क सोबतच जातात. म्हणून मुख्य पेटीत आम्ही रोजचे स्नॅपशॉट (त्या दिवशी फाईली जशा होत्या त्याची नोंद) चालू करतो, म्हणजे कालची फाईल आज परत काढता येते. शिवाय एक प्रत दुसऱ्या घरी ठेवायला सांगतो: मुलगा पुण्याला असेल तर त्याच्याकडे, नाहीतर गावाकडे भावाकडे. पहिली प्रत इथेच भरून डिस्क हातोहात न्यायची, नंतर फक्त नव्या फाईली रात्री इंटरनेटवरून जातात. ती प्रत पासवर्डने बंद असते. तो पासवर्ड कागदावर लिहून घराच्या खरेदीखताबरोबर ठेवा, कारण तो हरवला तर आम्हालाही ती उघडता येणार नाही.

खान्देशात दुसरा प्रश्न उन्हाचा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि चालू डिस्क खोलीपेक्षा बरीच गरम असते. घरगुती डिस्कची मर्यादा साधारण ६० ते ६५ अंश. त्यामुळे पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर किंवा बंद कपाटात पेटी ठेवायला आम्ही नकारच देतो. कूलरच्या झोतासमोरही नको. त्या हवेतली ओल आणि खारट पाण्याचे बारीक थेंब सर्किटवर बसतात. तळमजल्यावरची, आतल्या भिंतीची, हवा खेळती असलेली जागा उत्तम.

लाईट गेली तर? घरात इन्व्हर्टर असला तरी तो चालू होताना क्षणभर वीज तुटते आणि तेवढ्यात सर्व्हर बंद पडू शकतो. लिहिणं चालू असताना असं झालं तर फाईल खराब होण्याचा धोका असतो. म्हणून यूपीएस, म्हणजे वीज जराही न तुटू देणारी छोटी बॅटरी-पेटी, हवाच, आणि तोही यूएसबी वायरचा; बॅटरी संपत आली की त्या वायरवरून सर्व्हरला कळतं आणि तो स्वतःच व्यवस्थित बंद होतो. खर्च कमी करायचा असेल तर डिस्क लहान घ्या, यूपीएस गाळू नका.

वीजबिलाची काळजी नको: २० वॉटची पेटी महिनाभर चालली तर साधारण १४-१५ युनिट होतात. जुना डेस्कटॉप वापरता येतो, पण ६० वॉटच्या मशीनला ४३ युनिट लागतात.

राउटर जुना असेल तर आधी तपासू. १०० एमबीपीएसच्या पोर्टवरून (वायर लावायच्या खाचेतून) १ टीबी, म्हणजे १००० जीबी, भरायला जवळपास पूर्ण दिवस जातो, गिगाबिटवर (१००० एमबीपीएस) अडीच-तीन तास. आणि ४ टीबीच्या डिस्कची जागा विंडोज ३.६ टीबी दाखवेल, ती फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

बाहेरगावाहून फाईली पाहायच्या असतील तर आम्ही व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंतची फक्त तुमच्यासाठीची बंद वाट, लावून देतो. राउटरचे पोर्ट (इथे बाहेरून आत यायची दारं) उघडून सर्व्हर थेट इंटरनेटवर ठेवत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. २०२१ च्या एप्रिलमध्ये क्यूलॉकर नावाच्या हल्ल्यात इंटरनेटवर उघड्या असलेल्या अशाच घरगुती पेट्यांमधल्या फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली गेली होती.

काम झाल्यावर तुमच्यासमोर एक फोल्डर डिलीट करून ते बॅकअपमधून परत आणून दाखवतो. तेच दर तीन महिन्यांनी तुम्हीही करून बघा. आमचा माणूस येण्याआधी घरातले मोबाईल-लॅपटॉप किती आणि त्यांत एकूण किती जीबी भरलेत, एवढं मोजून ठेवा. त्याच्या तिप्पट जागेची डिस्क आम्ही सुचवतो.